वाटसरूचे ऋण

पूर्वी कोणी "चिरंजीव हल्ली कोठे असतात?" असे विचारले म्हणजे उत्तर देणे सोपे असे. मुंबईस असतात, नागपुरास असतात, फार झाले तर विलायतेस असतात, एवढे सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होई आणि सांगणाऱ्याची मानही जराशी ताठ होई. अलीकडे मात्र कित्येक घरांतील वडील मंडळी ह्या साध्या प्रश्नापुढे घुटमळताना दिसतात. मुलगा आषाढात पोर्तुगालात होता, दिवाळी त्याने जॉर्जियात केली, आणि सध्या तो सयामदेशी, म्हणजे हल्लीच्या थायलंडात, आहे. नोकरी मात्र एकच, आणि तिचा धनी ह्या तिन्ही देशांत नसून चौथ्याच ठिकाणी. हे सगळे एका दमात सांगावे कसे? सांगितलेच तर ऐकणारा म्हणतो, "म्हणजे अजून स्थिरस्थावर काही नाही तर!" आणि वडिलांचा चेहरा उतरतो.

संगणकाची पातळशी पेटी पाठीवर टाकून एका देशातून दुसऱ्या देशात जावयाचे, प्रत्येक ठिकाणी महिना-दोन महिने बिऱ्हाड करावयाचे, आणि बिऱ्हाड कोठेही असले तरी काम अखंड चालू ठेवावयाचे, असा हा जीवनक्रम आहे. गीतेतील भक्ताच्या लक्षणांत 'अनिकेत' असा एक शब्द येतो. ज्याला स्वतःचे म्हणून घर नाही, तो अनिकेत. आपल्या पूर्वजांना विरक्त अनिकेत ठाऊक होता. दरमहा वेतन घेणारा अनिकेत त्यांच्या स्वप्नातही आला नसेल. जुन्नर आणि आंबेगाव ह्या आमच्या दोन तालुक्यांतील घरेही ह्यातून सुटलेली नाहीत. नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव येथील मुले पुण्यास शिकतात, तेथेच नोकरीस लागतात, आणि एके दिवशी समजते की नोकरी पुण्याची असली तरी मुलगा पुण्यात नाही.

ह्या गोष्टीविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा निव्वळ भटकेपणा आहे; दुसरा म्हणतो, ह्यासारखे भाग्य नाही. दोन्ही पक्ष एका गोष्टीत सारखेच चुकतात: हे काहीतरी अगदी नवीन, पूर्वी कधी न घडलेले असे आहे, असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः देशोदेशी फिरत पोट भरणारा मनुष्य फार जुना आहे, आणि त्याचा माग काढण्यासाठी आम्हांला गावाबाहेर जाण्याचेही कारण नाही.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी सोपारा, कल्याण ह्या बंदरांत उतरलेला माल ह्याच घाटाने वर येई आणि जुन्नरवरून पुढे पैठणाकडे जाई. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकात त्यात टाकीत असत, असे लोक परंपरेने सांगतात. जवळच्याच लेण्यात सातवाहनांच्या राणीचा प्रसिद्ध शिलालेख आहे व त्यात यज्ञांच्या आणि दक्षिणेच्या मोठमोठ्या संख्या कोरलेल्या आहेत. परंतु प्रस्तुत विषयास उपयोगी असे लेख त्याहून पुष्कळ लहान आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांतील तीन ठिकाणी दान देणाऱ्याने आपण 'यवन' असल्याचे नमूद केले आहे. यवन हा शब्द त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या ग्रीक वगैरे लोकांना लावीत असत. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदवून दिली. चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च सोसला. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लेख थोड्याच शब्दांचे आहेत: अमक्या यवनाचा अमुक देयधर्म, एवढेच. भाषा त्यांची नव्हे, येथील लोकांची प्राकृत. लिपीही येथील ब्राह्मी.

ह्या तिघांनी दिले काय, ते लक्षात घेण्याजोगे आहे. पाणी, जेवावयाची जागा, आणि निवाऱ्याचे दार. वाटेवरच्या मनुष्याला परक्या गावी पहिल्याने ज्या तीन वस्तू मागाव्या लागतात, नेमक्या त्याच त्यांनी त्या गावाला परत केल्या.

आपल्याकडे ऋण ह्या शब्दाला मोठा इतिहास आहे. ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते: ब्रह्मचर्याने ऋषींचे ऋण फेडावयाचे, यज्ञाने देवांचे, आणि प्रजेने पितरांचे. ही तीन ऋणे मुंजीपासून आपल्या कानांवर पडतात. शतपथ ब्राह्मणात मात्र ह्या तिन्हींच्या जोडीस चौथे एक ऋण सांगितले आहे, आणि त्याची आठवण सहसा कोणी करीत नाही. ते मनुष्यांचे ऋण. माणसांत राहावयाचे म्हणून ते लागते, आणि माणसांना वस्तीस जागा देऊन व अन्न देऊन ते फेडावयाचे असते. गृहस्थाश्रमी मनुष्य अतिथीला पाटावर बसवितो तेव्हा तो उपकार करीत नसून कर्ज फेडीत असतो, असा ह्याचा अर्थ. पण मग जो सदासर्वदा अतिथीच आहे त्याचे काय? तो प्रत्येक मुक्कामी घेतच जातो. त्याचे मनुष्यऋण दर महिन्याला वाढते. इरिल आणि चिट ह्यांनी शतपथ ब्राह्मण वाचले नव्हते हे उघड आहे. तरी त्यांनी केले ते नेमके हेच. कातळात खोदलेले टाके हे त्यांचे फेडलेले कर्ज होय.

ह्या यवनांनंतर सुमारे तेराशे वर्षांनी दुसरा एक परदेशी जुन्नरास येऊन राहिला. त्याचे नाव अफानासी निकितीन. रशियातील व्होल्गा नदीकाठच्या त्वेर ह्या शहरचा हा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला १४९८ साली पोहोचला. निकितीन त्याच्या आधी सुमारे पाऊण पिढी, १४७० च्या आसपास, इराणातील होर्मुझवरून गलबताने येऊन चौलास उतरला. त्याचे हे प्रयाण हौसेचे नव्हते. व्होल्गेच्या मुखाशी तार्तारांनी त्याचा माल लुटला आणि त्यासरशी त्याची पुस्तकेही गेली. त्या वेळी सोबतचे लोक रडत पांगले. ज्यांचे घरी काही उरले होते ते रशियास परतले, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले, असे त्यानेच लिहून ठेविले आहे. स्वतः तो दरबंद, बाकू करीत इराणात उतरला, आणि हिंदुस्थानात घोडे पैदा होत नाहीत असे कळल्यावर एक घोडा घेऊन इकडे आला. तो घोडा जुन्नरपर्यंत आणावयास त्याला शंभर रूबल खर्च आला.

जुन्नर तेव्हा बहमनी राज्यात होते, आणि वजीर महमूद गावान ह्याच्या हाताखालील असदखान येथे अधिकारी होता. निकितीनने पावसाळा येथे काढला. खडकावर वसलेले ठाणे, एका वेळी एकच मनुष्य जाईल अशी वर जाण्याची वाट, रात्रंदिवस पाऊस आणि चोहीकडे चिखल, त्याच दिवसांत चाललेली नांगरणी व पेरणी, घोड्यांना घालावयाची शिजविलेली खिचडी, प्रवाशांच्या धर्मशाळा, असे सगळे त्याने टिपून ठेविले आहे. आमच्याकडचा श्रावण ज्याने पाहिला आहे त्याला हे वर्णन वाचून लेखकाची ओळख पटल्यावाचून राहणार नाही.

पण ह्याच जुन्नरास त्याच्यावर मोठा प्रसंग आला. हा मनुष्य मुसलमान नसून रशियन आहे असे कळताच असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत देईन आणि वर हजार मोहरा देईन. न बदललास तर घोडा जाईलच, शिवाय हजार मोहरांचा दंड, असे त्याने बजाविले आणि विचार करण्यास चार दिवस दिले. परक्या मुलुखात एकट्या मनुष्याचे हे चार दिवस कसे गेले असतील, ह्याची कल्पनाच करावी. शेवटी खुरासानचा महंमद नावाचा एक खजिनदार तेथे आला. त्याने रदबदली केली, घोडा परत मिळवून दिला, आणि निकितीन आपल्या धर्मानिशी सुटला. सोडविणारा मनुष्यही परदेशीच, आणि धर्माने मुसलमान, हे विसरता कामा नये. पुढे तो बीदरास गेला, तेथे घोडा विकला, हिंदू लोकांत मिसळला, त्यांच्याबरोबर श्रीशैलाच्या यात्रेस गेला, आणि अखेर दाभोळच्या बंदरातून परत निघाला. हबसाण, होर्मुझ, तब्रीझ, काळा समुद्र असा उलटा प्रवास करीत तो मायदेशाच्या वाटेस लागला खरा, पण स्मोलेन्स्क शहर गाठण्यापूर्वीच वाटेत मरण पावला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोस नेल्या, १४७५ साली त्या तेथील एका राजलेखकाच्या हाती पडल्या, आणि इतिवृत्तात त्यांची नक्कल झाली. 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' म्हणून आज तो ग्रंथ जगप्रसिद्ध आहे. ह्याच कथेवर १९५७ साली भारत व सोव्हिएट रशिया ह्या दोन देशांच्या सहकार्याने 'परदेशी' हा चित्रपट निघाला होता.

निकितीनच्या लिखाणात मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ती घोड्याची गोष्ट नव्हे. पुस्तके लुटली गेल्यामुळे त्याच्यापाशी आपले पंचांग उरले नाही. ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला कळेना. भोवतालच्या मुसलमानांचे रोजे चालू असत त्या वेळी तोही उपास करी, आणि आपला सण अंदाजाने साजरा करी. ह्याचे दुःख तो पुन्हा पुन्हा लिहितो. त्याच्या प्रार्थनांतही हळूहळू तुर्की, फारसी, अरबी शब्द मिसळत गेले. परदेशात मनुष्याची पहिली वस्तू हरवते ती पैशाची पिशवी नव्हे, तिथी हरवते. आजच्या प्रवाशाच्या हातातील यंत्र पाच देशांच्या वेळा एकदम दाखविते. परंतु आजोबांच्या श्राद्धाची तिथी त्यात आपण होऊन उमटत नाही, ती कोणीतरी मनात बाळगावीच लागते.

असे असूनही ह्या मनुष्याने घरचे ऋण कसे फेडले पाहा. त्याच्याजवळ द्रव्य नव्हते. त्याने आपल्या लोकांसाठी, आपल्या भाषेत, खरे ते लिहिले. हिंदुस्थानात आपल्या देशास उपयोगी असा माल फारसा नाही, मिरी व रंग स्वस्त आहेत पण जकात भारी आणि समुद्रावर चाचे पुष्कळ, आपल्याला आधी सांगणाऱ्यांनी फसविले, हे त्याने लपविले नाही. एवढ्या कष्टाने गेलो म्हणून तेथे सोनेच होते, अशी बढाई मारली नाही. आजकाल परदेशातून घरी येणाऱ्या चित्रांत समुद्राची निळाई असते, उपाहारगृहाची मेजे असतात. ताप आला होता, मालकाने घरातून काढले, तीन दिवस कोणाशी बोललो नाही, हे कोठेच नसते. घरच्यांना काळजी नको म्हणून मुले लपवितात हे समजण्याजोगे आहे. तथापि खरी हकीकत हाच घराचा पहिला हक्क आहे.

आता आपल्या मराठी मुलखातील उदाहरण घेऊ. जुन्नरची लेणी व पुण्याभोवतीच्या घाटवाटा पायी तुडवून ज्यांनी प्राचीन व्यापारमार्गांचा अभ्यास केला त्यांत गणितज्ञ दामोदर कोसंबी ह्यांचे नाव मोठे आहे. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे देशोदेशी फिरून काम करणाऱ्या मराठी विद्वानांचे मुकुटमणीच होत. १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. बुद्धाच्या शिकवणुकीचा ध्यास लागल्यामुळे १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी येथे संस्कृत शिकून ते नेपाळात गेले, पालीसाठी सिंहलद्वीपी गेले, तेथून ब्रह्मदेशात गेले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 'विशुद्धिमग्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना १९१० पासून चार वेळा बोलाविले. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला गेले. ज्या ग्रंथासाठी इतके हेलपाटे घातले तो छापून निघाला १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

धर्मानंदांनी मायभूमीचे ऋण फेडले नाही असे कोण म्हणेल? कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून, महाराष्ट्रात काम करता यावे एवढ्यासाठी त्यांनी सयाजीराव महाराजांची दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती पत्करली. फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षे पाली शिकविली. बुद्धाचे चरित्र व उपदेश मराठीत आणले. पण ह्या यशाची दुसरी एक बाजू आहे, आणि ती बहुधा पुस्तकांच्या प्रस्तावनेत येत नाही. १८९९ साली ते निघाले तेव्हा मागे गोव्यात त्यांची तरुण पत्नी बाळाबाई आणि लहान मुलगी माणिक होती. परत येऊन संसार पुन्हा जमावयास सुमारे सात वर्षे लागली. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरास बरोबर नेले. बाळाबाई मागेच राहिल्या. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, हार्वर्ड ही नावे आपण अभिमानाने घेतो; ती शक्य झाली ती कोणीतरी एका जागी राहिले म्हणून. धर्मानंदांच्या थोरवीला ह्याने बाध येत नाही. बाळाबाईंचा वाटा मात्र मोजला जातो, आणि तो मोजला गेला पाहिजे.

आजच्या चर्चेत हीच गोष्ट निसटते असे मला वाटते. फिरणारा मुलगा आणि त्याचा पैसा ह्याकडेच सगळ्यांचे लक्ष. घरी राहिलेला भाऊ मात्र आईला दर पंधरवड्यास मंचरला किंवा पुण्याला दवाखान्यात नेतो, वडिलांचे औषध संपण्याआधी आणतो, वीजबिल भरतो, शेताच्या बांधाचा तंटा मिटवितो, भाऊबंदांच्या लग्नामुंजीत घरचा अहेर घेऊन जातो. त्याला कोणी विचारीत नाही, कारण तो कोठे असतो हे सर्वांना ठाऊक असते! पाहुणे आले म्हणजे परदेशातील मुलाची चित्रे दाखविली जातात, आणि चहाचा कप आणून देणारा हाच असतो. आणि पुष्कळ घरांत तो 'हा' नसून 'ही' असते, म्हणजे घरची सून. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या स्थैर्यावर उभे असते. हा व्यवहार न बोलता चालू राहिला म्हणजे त्यातून कडवटपणा उत्पन्न होतो, आणि एकत्र कुटुंबे ह्या कडवटपणाने जितकी फुटतात तितकी दारिद्र्यानेही फुटत नाहीत.

ह्या बाबतीत आमच्याकडील एक वर्ग आदर्श घालून देतो. मुंबईत घरोघरीचे जेवणाचे डबे कचेऱ्यांत पोहोचविणारे डबेवाले हे बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ ह्याच भागांतील. पिढ्यान्‌पिढ्या ते मुंबईत कष्ट करतात. तरी वसंत ऋतूत ग्रामदैवतांच्या यात्रा आल्या की काही दिवस डब्यांचे काम बंद ठेवून ते गावी येतात. पालखीला खांदा देतात, थोरल्यांना भेटतात, घराचे राहिलेले व्यवहार उरकतात. गिऱ्हाइकांना त्याची आगाऊ सूचना असते व तीही सोसून घेतात. ह्यांचा प्रवास तीस-चाळीस कोसांचा, आणि आजच्या तरुणांचा हजारो कोसांचा. पण वर्षातील काही दिवस गावाचे, हे ठरवून टाकण्याची रीत दोघांनाही सारखीच लागू पडते.

ह्यावर कोणी म्हणेल की काळ बदलला. बदलला हे खरेच. पूर्वी मनुष्य कामाच्या मागे जात असे, आता काम मनुष्याच्या मागोमाग येते. नारायणगावाजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. देशोदेशीचे ज्योतिर्विद त्यांवर वेळ मागून घेतात, आणि त्यांतील कित्येक जण खोडदला पाऊल न टाकताही आपले संशोधन करतात. परदेशच्या सरकारांनीही हा बदल ओळखला आहे. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया देशाने २०२० साली अशा फिरत्या कामकऱ्यांसाठी वर्षभराचा खास व्हिसा सुरू केला. थायलंडाने २०२४ साली पाच वर्षे चालणारा व एका वेळी १८० दिवस राहू देणारा व्हिसा काढला. तेव्हा ही एखाददुसऱ्या मुलाची लहर राहिलेली नाही. म्हणूनच ज्यांच्या घरातून कोणी असे निघाले आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो.

निघणाऱ्याने प्रथम हे पाहावे की आपला परवाना काम करण्याचा आहे की नुसता सहलीचा. सहलीच्या व्हिसावर काम करणे अनेक देशांत बेकायदा आहे, आणि 'सगळेच करतात' हे उत्तर तेथील अधिकाऱ्यापुढे चालत नाही. दुसरे, दिवसांचा हिशेब लिहून ठेवावा. आपल्याकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस देशात राहणारा मनुष्य आयकरासाठी रहिवासी ठरतो, आणि बऱ्याच देशांत ही मर्यादा १८३ दिवसांची आहे. ह्याखेरीज आणखी पोटनियम आहेत ते जाणत्या हिशेबनिसाकडून समजून घ्यावेत. निकितीनची तिथी चुकली तर त्याचा सण चुकला. ह्यांची तारीख चुकली तर दोन सरकारे एकाच मिळकतीवर कर मागू शकतील. तिसरे, आजारपणाचा विमा उतरल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये.

ह्याहून महत्त्वाचे ते मनुष्यऋण. ज्या गावी दोन महिने पाणी प्यावयाचे तेथील भाषेतील शंभर शब्द शिकावेत, शेजाऱ्याचे नाव माहीत करून घ्यावे, आणि आपल्या राहण्याने तेथील गरिबांचे काय होते हेही पाहावे. बाहेरचे सधन भाडेकरू आल्यामुळे घरभाडी वाढली आणि आम्हांलाच आमच्या वस्तीतून निघावे लागते, अशी तक्रार घेऊन मेक्सिको शहराचे रहिवासी २०२५ च्या जुलैत रस्त्यावर उतरले. आपल्या मुलांवर कोणा परक्या गावाने असा मोर्चा काढावा, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. टाके खोदून देणे आज शक्य नसेल; परंतु जी विद्या आपल्याजवळ आहे ती आठवड्यातून एक तास तेथील एखाद्या पोरास शिकविणे कोणालाही शक्य आहे.

आता घरच्यांविषयी. मुलगा कोठे असतो ह्याची लाज बाळगू नये व प्रौढीही मिरवू नये. त्याच्याशी बोलताना पगार किती ह्यापेक्षा जेवतोस काय, शेजारी कोण, हे विचारावे; खरी हकीकत त्यातूनच बाहेर येते. आणि तो निघण्यापूर्वी सर्व भावंडांनी व सुनांनी एकत्र बसून कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. आईवडिलांच्या दुखण्याखुपण्याचा खर्च कोणी किती उचलावयाचा. वर्षातील कोणते दिवस तो निश्चित घरी असावयाचा. आणि घरी राहणाऱ्याला वर्षातून महिनाभर मोकळीक मिळावी म्हणून त्या महिन्यात त्याच्या जागी कोणी उभे राहावयाचे. तिसरी गोष्ट लिहिताना बहुतेक घरांत थोडी शांतता पसरेल, कारण ती आजपर्यंत कोणी विचारलेली नसते. ज्याचे काम पेटीत मावते, त्याने तो महिना ती पेटी घेऊन जुन्नरास किंवा घोडेगावास यावे, आईला दवाखान्यात न्यावे, आणि थोरल्या भावाला व वहिनीला त्यांच्या आवडीच्या गावी धाडावे. काम कोठूनही करता येते हे त्याचेच म्हणणे आहे; तेव्हा ते येथूनही करता आले पाहिजे.